एकावर एक माया: इल्युजन स्पेल एकमेकांवर आले की निवाडा कसा करायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या टेबलावर ही वेळ कधी ना कधी येतेच. विझार्डने बोळाच्या तोंडाशी खोटी भिंत उभी केलेली असते. बार्ड (जादू येणारा गायक) त्या भिंतीमागून गुरगुरण्याचा आवाज काढत असतो. चोर वेष बदलून, वर अदृश्य होऊन तिथेच श्वास रोखून उभा असतो. समोरून शत्रूच्या पहाऱ्याचा नायक येतो आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) जाहीर करतो, "तो भिंत नीट तपासतो." फासा पडतो, चांगला पडतो. आता नायकाला नेमकं काय दिसलं? फक्त भिंत खोटी ठरली, की मागचं सगळंच उघडं पडलं?

मी नवा डीएम होतो तेव्हा "सगळंच उघडं पडलं" असं उत्तर देऊन मोकळा झालो होतो. एका रोलमध्ये तीन खेळाडूंची तयारी पाण्यात गेली. वाद कोणी घातला नाही, पण पुढची दोन सत्रं आमच्यात कोणी इल्युजनला हात लावला नाही, आणि ते मला फार लागलं. या खेळात मला सगळ्यात प्रिय काही असेल तर हे भ्रमाचे मंत्रच. अंगात बळ नसलेल्या कॅरेक्टरलाही त्यांच्या जोरावर राक्षस परतवता येतो. ते नीट चालावेत म्हणून डीएमने आणि खेळाडूनेही काही गोष्टी आधीच मनात पक्क्या करून ठेवायला हव्यात. त्याच इथे एकेक करून सांगतो.

सांगतो आहे ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या आधाराने. ही आवृत्ती २०१४ साली आली आणि तिचे सुधारित नियम २०२४ मध्ये आले. दोन्हींत फरक पडतो तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे, कारण एका ठिकाणी तो फरक चांगलाच मोठा आहे.

सगळ्यात आधी एक वाक्य लक्षात ठेवा, बाकीचा लेख त्याच्याच आधारावर उभा आहे: भ्रम सहसा एकमेकांशी लढत नाहीत, प्रत्येक भ्रम ज्याच्या त्याच्या पाहणाऱ्याशी लढतो. दोन अग्निगोळे एकाच जागी पडले तर आपण नुकसानीची बेरीज करतो. दोन भ्रम एकाच जागी आले तर बेरीज करायला काही नसतंच. समोर कोण उभा आहे आणि त्यातलं काय काय त्याला खरं वाटतं आहे, एवढंच विचारायचं.

पहिली पायरी: भ्रम राहतो कुठे ते ओळखा

प्रत्येक भ्रमाचं एक घर असतं. काही भ्रम जागेत राहतात: मायनर इल्युजन, सायलेंट इमेज, मेजर इमेज, हॅल्युसिनेटरी टेरेन (भूभागाचं रूप बदलणारा). ते सगळ्यांना दिसतात, पडद्यावरच्या चित्रासारखे. काही अंगावर राहतात: डिस्गाइज सेल्फ (वेष बदलणारा), इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा), ब्लर (आकृती धूसर करणारा), मिरर इमेज (स्वतःची प्रतिबिंबं उभी करणारा), सीमिंग (अनेकांचं रूप बदलणारा). माणूस चालला की भ्रम त्याच्याबरोबर चालतो. आणि काही फक्त डोक्यात राहतात. फँटॅझमल फोर्स हा त्यातला नमुनेदार स्पेल. तो ज्याच्यावर टाकला त्यालाच खड्डा दिसतो, त्यालाच चटका बसतो. शेजारी उभ्या असलेल्याला काहीही दिसत नाही.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीत हे वर्गीकरण नियमांतच छापलेलं होतं. तिथे इल्युजनचे पाच पोटप्रकार होते: फिगमेंट, ग्लॅमर, पॅटर्न, फँटॅझम आणि शॅडो. पाचव्या आवृत्तीने ती लेबलं काढून टाकली. नियम सुटसुटीत झाले खरे, पण नवख्याला आधार देणारा एक कठडाही गेला, असं मला वाटतं. म्हणून वरचे तीन कप्पे आपले आपण लक्षात ठेवायचे: जागा, अंग, डोकं. पुढचे निम्मे वाद इथेच मिटतात.

दुसरी पायरी: कोणत्या इंद्रियाला फसवतो

सायलेंट इमेज नावाप्रमाणेच मुकी आहे. १५ फुटांच्या घनात काहीही दाखवा, पण आवाज नाही, वास नाही, ऊब नाही. मेजर इमेज २० फुटांपर्यंत जाते आणि तिला आवाज, वास, तापमान सगळं असतं, फक्त त्याने इजा होत नाही. मायनर इल्युजन एका वेळी एकच देतो, पाच फुटांच्या घनात मावणारी वस्तू किंवा आवाज. दोन्ही नाहीत.

इथे नवखे खेळाडू हटकून फसतात. "मी एकदा पेटीचं चित्र काढतो आणि पुढच्या टर्नला त्यातून आवाज काढतो," असं म्हणतात. मायनर इल्युजन पुन्हा टाकला की आधीचा संपतो, तसं त्याच्या मजकुरातच लिहिलेलं आहे. चित्र आणि आवाज एकत्र हवे असतील तर दोघांनी एकेक टाकावा, किंवा विझार्डने इल्युजनची शाखा घेतलेली असावी. त्या शाखेला एकाच वेळी दोन्ही करण्याची सवलत मिळते.

तिसरी पायरी: धरून कोण बसलं आहे

कॉन्सन्ट्रेशन लागणारा, म्हणजे टाकणाऱ्याने मनाने धरून ठेवायचा, एकच स्पेल एका वेळी धरता येतो. त्यामुळे एकट्याने किती थर रचायचे याला नियमच लगाम घालतात. सायलेंट इमेज, मेजर इमेज, इन्व्हिजिबिलिटी, ब्लर, फँटॅझमल फोर्स, सायलेन्स या सगळ्यांना कॉन्सन्ट्रेशन लागतं. मायनर इल्युजन, डिस्गाइज सेल्फ, मिरर इमेज, सीमिंग, हॅल्युसिनेटरी टेरेन यांना लागत नाही. म्हणजे एक कॅरेक्टर पहिल्या यादीतला एक आणि दुसऱ्या यादीतले हवे तितके, एवढंच करू शकतो. त्याहून दाट माया हवी असेल तर दोघं-तिघं लागतात, आणि मग त्यांच्यात आधी बोलणं व्हायला हवं.

चौथी पायरी: टाकण्याचा क्रम

क्रमाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही आणि तिथेच बेत फसतो. इन्व्हिजिबिलिटी ज्याच्यावर आहे त्याने हल्ला केला किंवा दुसरा स्पेल टाकला की ती संपते. म्हणून अदृश्य झाल्यावर डिस्गाइज सेल्फ टाकायला गेलात तर वेष बदलेल आणि अदृश्यता जाईल. आधी वेष, मग अदृश्यता. मिरर इमेजचंही तसंच. चौथ्या पातळीच्या ग्रेटर इन्व्हिजिबिलिटीला ही अट नाही, पण ती जास्तीत जास्त एक मिनिट टिकते.

दुसऱ्याने तुमच्यावर सीमिंग टाकला तर मात्र तुमची अदृश्यता शाबूत राहते, कारण स्पेल तुम्ही टाकलेला नसतो. तसंच आधीपासून चालू असलेली सायलेंट इमेज ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) वापरून हलवणं म्हणजे स्पेल टाकणं नव्हे. त्यामुळे बार्डने विझार्डला अदृश्य केलं आणि विझार्डने आधीच उभी केलेली भिंत सरकवली, तर तो अदृश्यच राहील.

पाचवी पायरी: कागदावर चौकटी आखा

आता लेखाच्या सुरुवातीच्या बोळाकडे परत जाऊ. तिथला गुंता सोडवायला मला एका कागदापेक्षा जास्त काही लागत नाही. उभ्या रकान्यांत भ्रम लिहायचे, आडव्या ओळींत पाहणारे. प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट: हा भ्रम याला कळला आहे की नाही. रकान्याच्या वर त्या भ्रमाचा सेव्ह डीसी, म्हणजे तो ओळखायला फाशाने गाठावा लागणारा आकडा, लिहायचा, कारण प्रत्येक थर वेगळ्या माणसाने टाकलेला असू शकतो. डीसी म्हणजे ८ अधिक प्रोफिशियन्सी बोनस (पातळीप्रमाणे मिळणारा) अधिक स्पेल टाकण्याच्या क्षमतेचा मॉडिफायर (क्षमतेच्या आकड्यावरून मिळणारा बोनस).

समजा सगळे पाचव्या पातळीचे आहेत, म्हणजे प्रोफिशियन्सी +३. विझार्डची बुद्धी १८, मॉडिफायर +४, त्यामुळे भिंतीचा डीसी १५. बार्डचा करिष्मा १६, मॉडिफायर +३, म्हणून गुरगुरण्याचा डीसी १४. चोर आर्केन ट्रिकस्टर, म्हणजे थोडी जादू येणारा चोर आहे, बुद्धी १४, मॉडिफायर +२, त्याच्या वेषाचा डीसी १३. त्याने आधी पहारेकऱ्याचा वेष घेतला आणि मग बार्डने त्याला अदृश्य केलं. क्रम बरोबर. विझार्ड भिंत धरून बसला आहे, बार्ड अदृश्यता. गुरगुरण्याला आणि वेषाला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही.

रकाने चार झाले: भिंत १५, गुरगुर १४, अदृश्यता, वेष १३. अदृश्यतेवर आकडा नाही, कारण ती तपासून "खोटी" ठरवता येत नाही. समोरून तिघं येतात: नायक, त्यांचा जादूगार आणि एक शिकारी कुत्रा. जादूगाराने आधीच स्वतःवर सी इन्व्हिजिबिलिटी टाकलेला आहे.

नायक ॲक्शन खर्च करून भिंत तपासतो. इन्व्हेस्टिगेशनची, म्हणजे तपासाच्या फाशाची, बेरीज १६ येते. भिंतीच्या रकान्यात त्याच्या नावापुढे खूण करा, आणि थांबा. बाकीच्या तीन चौकटी अजून कोऱ्या आहेत. त्याला भिंतीतून आरपार दिसतं आणि पलीकडे रिकामा बोळ दिसतो. त्या रिकाम्या बोळातून गुरगुर येते आहे. माझ्या टेबलावर हा क्षण सगळ्यात रंगतो, कारण भ्रम उलगडल्यामुळेच माणूस जास्त घाबरतो. भिंत खोटी आहे हे कळलं, आता न दिसणारा कोणीतरी आपल्याकडे बघून गुरगुरतो आहे!

जादूगाराची गोष्ट उलटी आहे. त्याचे डोळे अदृश्य माणूस पाहू शकतात, पण त्याच्यापुढे भिंत आहे आणि ती त्याच्यासाठी अजून खरी आहे. सी इन्व्हिजिबिलिटी अदृश्य गोष्टी दाखवतो, चित्रं पुसत नाही. नायकाला भिंतीपलीकडचं दिसतं पण चोर दिसत नाही. जादूगाराला चोर दिसला असता पण भिंतीपलीकडचं दिसत नाही. दोघं एकाच जागी उभे राहून दोन वेगळ्या बोळांकडे बघत आहेत.

नायक म्हणतो, "अरे, भिंत खोटी आहे." एवढ्याने जादूगाराला ती खोटी दिसेल का? पाचव्या आवृत्तीने दोनच वाटा दिल्या आहेत, तपासणं आणि प्रत्यक्ष स्पर्श. कोणीतरी सांगणं ही वाट तिच्यात नाही. जुन्या साडेतीन आवृत्तीत होती: ज्याने भ्रम ओळखला त्याने इतरांना सांगितलं की त्यांना सेव्हवर (बचावाच्या फाशावर) +४ मिळायचे. मी त्या विचाराच्या जवळ राहून सांगितलेल्याला इन्व्हेस्टिगेशनवर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) देतो. पण जादूगार शहाणा असेल तर फासा टाकणारच नाही. पुढे होऊन भिंतीत हात घालेल. हात आरपार गेला की भ्रम उघडा.

आता त्याला चोर दिसतो, आणि तो दिसतो त्यांच्याच पहारेकऱ्याच्या गणवेशात! अदृश्यता भेदली, पण तिच्याखालचा वेष जागच्या जागी आहे. तो वेष ओळखायला आणखी एक ॲक्शन आणि १३ ची बेरीज लागेल. आपलाच एक पहारेकरी इथे अदृश्य होऊन का उभा आहे, हा संशय त्याला येईलच. पण संशय येणं वेगळं आणि भ्रम उलगडणं वेगळं. खेळाडूने एवढे थर रचले ते याच एका टर्नच्या उसंतीसाठी. ती त्याला मिळू द्या.

राहिला कुत्रा. त्याच्यापुढे आपली अर्धी माया लटकी पडते. भिंतीला वास नाही आणि अदृश्यतेने माणसाचा वास जात नाही. वेषानेही जात नाही. कुत्रा वासाच्या मागावर सरळ भिंतीतून पलीकडे जाईल. पुढे असा प्रश्न येतो की कुत्र्याला भिंतीतून जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासाठी भिंत उघडी पडली का? वस्तू आरपार जातात म्हणून स्पर्शाने भ्रम उघडा पडतो, असं स्पेलचा मजकूर सांगतो. तो स्पर्श कोणाचा, हे सांगत नाही. माझा निवाडा असा की डोळ्यांदेखत काही आरपार गेलं, तर पाहणाऱ्याच्या चौकटीतही खूण करायची, फासा न टाकता.

आता बार्डला बाण लागला, २४ ची इजा झाली असं धरा. कॉन्सन्ट्रेशनसाठी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा इजेच्या निम्मे, यांतलं जे मोठं ते. म्हणजे इथे १२. बार्ड चुकला तर काय काय जाईल? फक्त अदृश्यता. गुरगुर बार्डचीच असली तरी चालू राहते, कारण तिला कॉन्सन्ट्रेशन नको. भिंत विझार्डची आहे, ती राहिली. कागदावरचा एकच रकाना खोडला गेला, आणि भिंत न ओळखणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

रोल कधी मागायचा, याबद्दलही सांगतो. पाहताक्षणी कोणालाही इन्व्हेस्टिगेशन टाकायला लावू नका. २०१४ च्या नियमांत तपासायला ॲक्शन लागते. २०२४ मध्ये तिला स्टडी ॲक्शन म्हणतात. ती खर्च करायची तर पात्राला काहीतरी कारण हवं: भिंत काल नव्हती, मशालीच्या धुराला ती अडवत नाही, कुत्रा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. "सगळ्यांनी टाका" म्हणालात की भ्रम आहे हे तुम्हीच सांगून टाकलंत.

एकाच अंगावर अनेक थर: बेरीज होते का?

नियम थोडक्यात असा. वेगवेगळ्या स्पेलचे परिणाम एकत्र लागू होतात. एकच स्पेल दोनदा लागला तर परिणाम वाढत नाही. त्यातला जो जोरदार असेल तो चालतो, आणि दोन्ही सारखेच असतील तर शेवटचा. दोन जणांनी दोन वेगळ्या जागी सायलेंट इमेज उभ्या केल्या तर हा नियम आड येत नाही, कारण ती दोन स्वतंत्र चित्रं आहेत.

डिसॲडव्हांटेजचंही (दोन फासे टाकून लहान घ्यायचा) लक्षात ठेवा. ब्लरमुळे हल्लेखोराला तो मिळतो, वर तुम्ही अदृश्य असलात तरी तो दुप्पट होत नाही. तिसरा फासा कधीच येत नाही. शिवाय हल्लेखोराकडे कुठूनही एक ॲडव्हांटेज आला की दोन्ही कटतात, मग तुमच्याकडे डिसॲडव्हांटेजची कारणं तीन असोत की चार.

आता ब्लर आणि मिरर इमेज. ही जोडी विझार्ड खेळाडूंना फार आवडते आणि तिच्यातच दोन आवृत्त्यांचा मोठा फरक दडलेला आहे.

२०१४ मध्ये मिरर इमेज आधी चालते. कोणी तुम्हाला लक्ष्य केलं की तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकता. तीन प्रतिबिंबं असतील तर ६ किंवा जास्त, दोन असतील तर ८, एक असेल तर ११. आलं तर हल्ला प्रतिबिंबाकडे वळतो. म्हणजे तिघं असताना ७५ टक्के, दोघं असताना ६५, एक असताना ५०. हल्ला वळला की त्याला ब्लर लागत नाही, कारण ब्लर फक्त तुमच्यावरच्या हल्ल्यांना लागतो. प्रतिबिंबाचा एसी (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १० अधिक तुमचा डेक्स्टेरिटी मॉडिफायर, तेवढाच. त्यामुळे प्रतिबिंबं पटापट फुटतात.

२०२४ मध्ये क्रम उलटा झाला. आता हल्ला आधी तुम्हाला लागावा लागतो, म्हणजे ब्लर आधी. लागला तरच प्रत्येक उरलेल्या प्रतिबिंबासाठी सहा बाजूंचा फासा टाकायचा. कुठल्याही एकावर ३ किंवा जास्त आलं की तडाखा प्रतिबिंबाला. तीन असताना वाचण्याची शक्यता सत्तावीसात सव्वीस, साधारण ९६ टक्के. दोन असताना ८९, एक असताना ६७.

उदाहरणाला एक शत्रू घ्या, ज्याला तुम्हाला मारायला फाशावर ११ लागतात, म्हणजे एरवी ५० टक्के. ब्लरमुळे ते २५ टक्के झाले. २०१४ च्या हिशेबाने तीन प्रतिबिंबं असताना तुम्हाला तडाखा बसण्याची शक्यता २५ टक्क्यांचे २५ टक्के, सव्वासहा. २०२४ च्या हिशेबाने २५ टक्क्यांचा सत्ताविसावा भाग, जेमतेम १ टक्का. शिवाय चुकलेले हल्ले प्रतिबिंबं खर्चच करत नाहीत, त्यामुळे ती टिकतातही जास्त. तेच दोन स्पेल, तोच विझार्ड. म्हणून कॅम्पेन सुरू होण्याआधी कोणत्या साली छापलेले नियम वापरतो आहोत ते टेबलावर ठरवून घ्या, मग मधेच आवृत्त्यांची सरमिसळ करू नका.

सगळं एका फटक्यात जातं कधी

चालू जादू मोडणाऱ्या डिस्पेल मॅजिकपाशी पहिल्या पायरीचे कप्पे पुन्हा कामाला येतात. तो एका प्राण्यावर, एका वस्तूवर किंवा एका जादुई परिणामावर टाकता येतो. चोरावर टाकला तर त्याच्या अंगावरचे तिसऱ्या पातळीपर्यंतचे सगळे स्पेल एकदम जातात: वेष आणि अदृश्यता, दोन्ही. त्याहून वरच्या पातळीच्या प्रत्येक स्पेलसाठी वेगळा चेक (फासा), डीसी १० अधिक स्पेलची पातळी. पण भिंतीवर टाकला तर भिंतच जाते, गुरगुर राहते, कारण जागेतला प्रत्येक भ्रम वेगळा परिणाम आहे. अंगावर रचलेले थर एका फटक्यात कोसळतात, जागेत पसरलेले एकेक करून पाडावे लागतात. शत्रूकडे डिस्पेल मॅजिक असल्याचा अंदाज असेल तर सगळी माया एकाच माणसावर रचू नका.

ट्रू सीइंग सहाव्या पातळीचा. १२० फुटांच्या आत त्याच्यापुढे भिंत, अदृश्यता, वेष काहीच टिकत नाही, फासाही टाकावा लागत नाही. पण ती नजर आहे, कान नव्हेत. बार्डची गुरगुर त्यालाही ऐकूच येणार. आणि भूभागाचं रूप बदलणारा, सातव्या पातळीचा मिराज आर्केन असेल तर गंमत आणखी पुढे जाते. जमिनीचं खरं रूप डोळ्यांना दिसतं, पण पायांना मात्र भासाचीच जमीन लागते. मयसभेत दुर्योधनाची झाली होती तशी गत, फरक एवढाच की इथे माणसाला आपण फसतो आहोत हे कळत असतं.

दोन भ्रमांची खरीखुरी टक्कर

लेखाच्या सुरुवातीच्या वाक्यात मी "सहसा" म्हटलं ते सायलेन्ससाठी. हा स्पेलही इल्युजनच्याच शाखेतला, पण तो दुसऱ्या भ्रमाला थेट दाबतो. २० फूट त्रिज्येच्या गोलात आवाज निर्माणही होत नाही आणि आरपारही जात नाही. शत्रूच्या जादूगाराने तो बोळावर टाकला तर गुरगुर तिथल्या तिथे बंद. मेजर इमेजने उभा केलेला राक्षस तोंड उघडेल पण डरकाळी येणार नाही, आणि मुकी डरकाळी पाहणाऱ्याला तपासायला सबळ कारण मिळेल. सायलेंट इमेजला मात्र धक्का नाही. ती आधीच मुकी आहे.

गोलात अडकलेल्याला तोंडाने म्हणायचे स्पेल टाकता येत नाहीत. मायनर इल्युजनला उच्चार लागत नाही, फक्त हातवारे आणि लोकरीचा तुकडा. त्यामुळे सायलेन्समध्ये सापडलेला विझार्ड निदान एक खोटी पेटी तरी उभी करू शकतो. ही एक बारीकशी गोष्ट माहीत असल्यामुळे माझ्या एका खेळाडूचं कॅरेक्टर जिवंत आहे.

फँटॅझमल फोर्समधला आवाज सायलेन्सने बंद होतो का? माझं उत्तर नाही. तो आवाज हवेत नाहीच, तो डोक्यात आहे. याच कारणाने फँटॅझमल फोर्स जागेतल्या भ्रमांच्या वर बसतो. सगळ्यांना मेजर इमेजचा पूल दिसत असेल आणि एकालाच त्या पुलावर आग दिसत असेल, तर त्याच्यापुरती आग खरी. २०१४ च्या मजकुराप्रमाणे समोर काही विसंगत घडलं तरी तो त्याचं कारण स्वतःच जुळवून घेतो. "आग नाहीये तिथे," असं सोबत्याने ओरडून सांगितलं तरी त्याला स्वतःची ॲक्शन घालून तपासावंच लागतं.

नियम गप्प आहेत तिथे

काही जोड्यांबद्दल मजकुरात सरळ उत्तर नाही. तिथे माझ्या टेबलावर काय चालतं ते सांगतो, तुम्ही वेगळं ठरवलंत तरी हरकत नाही, फक्त सगळ्यांसाठी एकच ठेवा.

डिस्गाइज सेल्फवर कोणी सीमिंग टाकला तर दिसतं ते शेवटी टाकलेलं रूप. सीमिंग आठ तास चालतो आणि डिस्गाइज सेल्फ एक तास, त्यामुळे खालचं रूप बहुधा कोणाला न दिसताच विरून जातं. पण सीमिंग मधेच तोडला गेला आणि तास उरलेला असेल, तर खालचा वेष पुन्हा वर येतो. वेष बदललेल्याने मिरर इमेज टाकली तर प्रतिबिंबंही वेषातलीच दिसतात, आणि एखाद्याने वेष ओळखला तर त्याला ती चारही रूपं ओळखता येतात. खरा कोणता हे मात्र त्याला तरीही कळत नाही.

मिरर इमेज चालू असताना सोबत्याने तुम्हाला अदृश्य केलं तर? माझ्या टेबलावर प्रतिबिंबंही दिसेनाशी होतात आणि तोवर कामाची राहत नाहीत. हल्लेखोराला कोणीच दिसत नसेल तर तो चार आकृत्यांमध्ये गोंधळणार कसा? अदृश्यता गेली आणि मिनिट संपलेलं नसेल, तर ती परत दिसू लागतात.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. ही आवृत्ती २०१९ ची. तिथे भ्रम ओळखला तरी तो पूर्ण आरपार होत नाही, धूसर राहतो, आणि पलीकडचा माणूस कन्सील्ड (अस्पष्ट दिसणारा) समजायचा की नाही हे जीएम (तिथला डीएम) ठरवतो. म्हणजे वरच्या बोळात नायकाने भिंत ओळखल्यावरही पलीकडचं धुक्यातून बघावं तसं दिसेल. कागदाच्या चौकटीत "कळला" आणि "नाही" यांच्यामध्ये तिसरी खूण ठेवायची, बाकी पद्धत तीच.

आणि तो कागद खेळाडूंना दाखवू नका. सत्र संपल्यावर मात्र जरूर दाखवा. कोणाला कुठल्या क्षणी काय दिसत होतं हे पाहताना विझार्ड, बार्ड आणि चोर तिघंही त्याच्यावर वाकलेले असतात, आणि पुढच्या बोळाचा बेत तिथेच सुरू होतो.